हेल्सिंकीच्या बाई नापास होतात

सांगलीच्या कासेगावकर सरांसारखा पेपर तपासणारा माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर नव्हता, आणि ही गोष्ट कुणी विचारली नाही तरी सर स्वतःहून सांगत! एकोणतीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवलेलं. त्यातली सत्तावीस वर्षं विद्यापीठाच्या पेपर तपासणीच्या कॅम्पात सगळ्यांच्या पुढे. इतर प्राध्यापक पहिला गठ्ठा सोडून चहाला उठायचे, तेवढ्यात सरांचे तीन गठ्ठे दोरी बांधून तयार असायचे.

"उत्तरपत्रिका वाचायची नसते," सर नवख्यांना सांगत, "ती बघायची असते! वाचत बसलात तर दिवाळी इथंच होईल."

तर अशा या सरांना १९९८ च्या सप्टेंबरात थेट फिनलंडहून ई-मेल आली. कॉलेजात तेव्हा एकच मोडेम होता. तो लागला तर लागला, नाहीतर दिवसभर नुसता किंचाळत बसायचा. संगणक विभागाच्या मयूरी मॅडम त्या मोडेमला तेवढ्या वळण लावू शकत. त्यांनीच मेल छापून सरांच्या हातात दिली.

पाठवणारीचं नाव किर्स्ती. हेल्सिंकीत राहून ही बाई एक लायब्ररी सांभाळत असे. पुस्तकांची नव्हे! जगभरातल्या शास्त्रज्ञांना हवामानासाठी, पुलांसाठी, औषधांसाठी जी गणितं लागतात, ती करून देणारे तयार प्रोग्रॅम तिथं साठवलेले होते. कुणीही फुकट न्यावेत, कुणीही सुधारून परत पाठवावेत. आलेली सुधारणा आत घेण्याआधी मात्र कुणीतरी जाणत्या माणसानं तपासून 'हो' म्हणायचं. वर्षभरापूर्वी सरांनी त्या लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेतल्या छपाईच्या अकरा चुका काढून कळवल्या होत्या. बाईंना वाटलं, हा माणूस फार बारकाईनं बघतो. वाटणारच, बिचाऱ्या हेल्सिंकीत होत्या!

बाईंनी लिहिलं होतं, 'कोष्टकांचा विभाग तुम्ही तपासाल का? म्हणजे कोष्टकातल्या दोन आकड्यांच्या मधली किंमत काढणारे प्रोग्रॅम. डिसेंबरात नवी आवृत्ती निघेल. तोवर काम नीट झालं, तर तपासनिसांच्या यादीत तुमचं नाव कायमचं घालू.'

यादीत नाव! जगभर! सरांची पीएच.डी. तीनदा सुरू होऊन चारदा बंद पडली होती. कॉलेजच्या भिंतीवरच्या फलकावरसुद्धा त्यांचं नाव कधी लागलं नव्हतं, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ही यादी त्यांना हवीच होती, अगदी मनापासून हवी होती. त्याच संध्याकाळी गणपती पेठेतल्या स्टेशनरीवाल्यापासून ते प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळलं, की डिसेंबरात कासेगावकरांचं नाव आंतरराष्ट्रीय यादीत येतंय!

पहिल्या खेपेला अकरा सुधारणा आल्या. मयूरी मॅडम म्हणाल्या, "सर, मशीन मोकळं ठेवलंय. एकेक चालवून बघू या."

"चालवून?" सर हसले. "मॅडम, आजवर एकतरी उत्तरपत्रिका चालवून बघितलीय का आपण? छापून द्या मला सगळं."

दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर सगळं छापून झालं. तो गठ्ठा काखोटीला मारून सर घरी आले आणि त्यांनी बायकोला हाक मारली. शरयूबाईंना हे काम नवं नव्हतं. परीक्षेत विद्यार्थ्याचं नाव परीक्षकाला दिसता कामा नये. म्हणून वरची पट्टी दुमडून चिकटवायची आणि वर नुसता क्रमांक घालायचा. सरांच्या मते जगात न्याय नावाची गोष्ट त्या चिकटवलेल्या पट्टीवर टिकून होती.

शरयूबाई डिंकाची बाटली घेऊन बसल्या. सातव्या कागदाला म्हणाल्या, "अहो, यातलं हे एक तर त्या..."

"शरयू! नाव सांगायचं नाही!"

"नाव नाही हो सांगत, पण या बाई..."

"बाई की बुवा तेही सांगायचं नाही!"

शरयूबाईंनी गुपचूप पट्टी चिकटवली आणि वर '७' घातलं. संसाराला तीस वर्षं झाल्यावर माणूस फार बोलत नाही.

रविवारी सकाळी सर लाल पेन घेऊन बसले आणि जेवणाआधी अकराच्या अकरा प्रोग्रॅम तपासून मोकळे झाले. शंभरपैकी गुण! पास व्हायला चाळीस. उत्तर बरोबर दिसलं की टिक. पायऱ्या नीट दाखवल्या नसतील तर वजा. समास सोडला नसेल तर वजा. एकाला अडतीस पडत होते, त्याला सरांनी ग्रेसचे दोन घालून वर काढलं. सर निर्दय नव्हतेच मुळी.

सोमवारी मयूरी मॅडमनी प्रत्येक क्रमांकापुढं त्या प्रोग्रॅमचं नाव घालून निकाल टाइप केला. "सर, असं नुसतं आकड्यांत पाठवायचं? तिकडं सहसा लिहितात, की अमुक ओळीत अमुक करा."

"ते क्लासवाल्यांचं काम. परीक्षकानं गुण द्यायचे आणि गप्प बसायचं."

निकाल गेला आणि मंगळवारी पेटी उघडली तर उत्तरांचा नुसता पाऊस! ब्राझीलच्या एकानं विचारलं होतं, की मला एक्केचाळीस आणि शेजारच्याला त्रेसष्ट का? अमेरिकेतल्या एका पोराला बहात्तर मिळाले होते. त्यानं ते छापून खोलीच्या दारावर लावले होते म्हणे. जपानच्या माणसानं सत्तेचाळीसबद्दल माफी मागितली होती आणि तेच काम पुन्हा नव्यानं करून पाठवलं होतं. एका जर्मनानं नमुना उत्तरपत्रिका मागितली होती. ग्रेसच्या दोन गुणांवर तर इंग्लंड आणि कॅनडा यांच्यात भांडणच जुंपलं होतं!

"बघितलंत?" सर खूश झाले. "विद्यार्थी सगळीकडं सारखाच!"

"सर," मयूरी मॅडमचा आवाज जरा बदलला, "ही एक वाचा. किर्स्तीबाईंची आहे."

मेल छोटी होती. 'क्रमांक सात माझा आहे. तुम्ही त्याला चौतीस देऊन नापास केलंय. ही नवी आवृत्ती याच प्रोग्रॅमसाठी अडली आहे. त्यात नेमकं काय चुकलंय, ते शुक्रवारपर्यंत सांगाल का? काहीच चुकलं नसेल तर मी तो आहे तसा आत घेईन, आणि मग तपासणीच्या कामाबद्दल आपल्याला वेगळा विचार करावा लागेल.'

सरांच्या पायाखालची फरशी सरकली! साक्षात लायब्ररीची मालकीण नापास! ते तडक घरी आले, सात नंबरचा कागद काढला आणि पट्टी टराटरा फाडली. खाली स्वच्छ लिहिलं होतं: किर्स्ती.

"मी सांगत होते," शरयूबाई म्हणाल्या. "पण नाव घ्यायचं नव्हतं ना."

सरांनी लाल शेरे वाचायला घेतले. पायऱ्या दाखवल्या नाहीत, वजा तीस. संख्यांची नावं नुसती एकेका अक्षराची, वजा सोळा. समास नाही, वजा दहा. शेवटी 'उत्तर' लिहून खाली दोन रेघा मारल्या नाहीत, वजा दहा. झाले सहासष्ट. आणि या सगळ्याच्या शेजारी, ठसठशीत, सरांच्याच हस्ताक्षरात: 'उत्तर बरोबर'!

आता हेल्सिंकीला काय कळवायचं? बाई, तुमचं बरोबर आहे, फक्त खाली दोन रेघा मारा? सरांना पहिल्यांदाच भीती वाटली. यादी हातची चालली होती, आणि स्टेशनरीवाला रोज विचारत होता, "काय सर, आलं का नाव?"

मयूरी मॅडमनी सरळ सुचवलं, "सर, चूक झाली असं लिहून टाका. मोठ्या मनाच्या दिसतात त्या."

"अहो, दिलेले गुण परीक्षकाला स्वतःला बदलता येत नाहीत! नियम आहे. तो अधिकार फक्त मॉडरेटरचा."

"मग मॉडरेटर कोण?"

सर एकदम थांबले. मॉडरेटर! परीक्षकानं तपासलेले पेपर वरून पुन्हा तपासणारा माणूस. त्याला एकूण गुणांच्या दहा टक्क्यांपर्यंत गुण वाढवता येतात. चौतीस आणि सहा, चाळीस! बाई पास, नियम शाबूत, यादी शाबूत! आणि असा माणूस सरांच्या ओळखीचा होता. साताऱ्याचे नानासो निकम. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, बोर्डाच्या तपासणीत वीस वर्षं मॉडरेटर. पुष्कळ वर्षांपूर्वी सरांनी एका सुट्टीत बोर्डाचे पेपर तपासले, तेव्हापासूनची ओळख. नानासोंनी आयुष्यात संगणक बघितला नव्हता. पण नियमात संगणकाचा उल्लेख कुठं होता?

बुधवारी सकाळी सर एस.टी.नं निघाले. कराडपर्यंत उभं राहून आणि पुढं एका कोंबडीवालीच्या शेजारी बसून ते साताऱ्याला पोचले आणि गोडोलीतल्या नानासोंच्या घरी जाऊन धडकले.

"आरं मधू! ये, ये. सांगलीला पूर आलाय का काय, आसा पळत आलास त्यो?"

सरांनी सगळी हकिकत सांगितली. फिनलंड, लायब्ररी, सात नंबर, शुक्रवार. शेवटी कागद पुढं केला. "नाना, फार काही करायचं नाही. सहा गुण वाढवा आणि खाली सही ठोका. दोनच्या गाडीनं मी परत."

"बघितल्याबिगर?"

"बघितलंय की मी!"

"तू बघितलंयस रं. म्या कुटं बघितलंय?" नानासोंनी चष्मा लावला. "पेपर वाचल्याबिगर म्या सही करत न्हाई. ह्ये काय लिवलंय? ह्यो कंस कशापायी?"

आणि मग ज्याची सरांनी स्वप्नातही कल्पना केली नव्हती, ते सुरू झालं. नानासो तो प्रोग्रॅम वाचायला बसले! एकेक ओळ. प्रत्येक ओळीला बोट ठेवून विचारणार, "म्हंजे काय?" सर सांगणार, "म्हणजे ही पायरी पुन्हा पुन्हा करायची." "कवापतोर?" "कोष्टक संपेपर्यंत." "बरं. म्होरं?"

नानासोंच्या पत्नी राहीबाई आतून आल्या. "आवं, भावजींना जेवाय तरी घाला आदी. सांगलीस्नं आल्यात."

जेवणं झाली. भाकरी, खर्डा, वर ताक. दोनची गाडी गेली. नानासोंनी पाठकोऱ्या कागदावर पाच आकड्यांचं एक छोटं कोष्टक मांडलं आणि बाईंच्या प्रोग्रॅमप्रमाणे हातानं गणित करायला घेतलं. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधली किंमत, बरोबर. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली, बरोबर. "लय झ्याक लिवलंय बाईनं," नानासो मधूनमधून म्हणत. "डोकं हाय."

"आहेच!" सर मोहरून गेले. "म्हणूनच म्हणतो, सहा गुण..."

"आता श्येवटचं घर बघू."

"नाना, चारची गाडी..."

"दम खा की गड्या. ह्ये बघ. बाई काय करतीया, आकडा गावला की त्येच्या म्होरचा आकडा घेतीया, दोनींतला फरक काडतीया, आन् वाटणी करतीया. व्हय का न्हाई?"

"होय."

"मग कुणी नेमका श्येवटचाच आकडा इचारला तर? म्होरचा आकडा कुटला घेनार?"

सरांनी कागदाकडे बघितलं. मग नानासोंकडे बघितलं. मग पुन्हा कागदाकडे.

"पुढं काही नसतं," ते हळूच म्हणाले.

"नसतं कसं? पान उलाटलं की आस्तंय!" नानासोंनी फळीवरून लॉगचं कोष्टक काढलं. सुतळीनं शिवलेलं, पिवळं पडलेलं. त्यांची शिकवायची एक रीत होती. कोष्टकातले फरकाचे तयार रकाने ते पोरांना वापरू देत नसत. शेजारचा आकडा बघा आणि फरक स्वतः काढा, असा दंडक. "नव्व्याण्णवच्या वळीतलं श्येवटचं घर दिलं, की दरसाल चार पोरं पान उलटून थेट अँटिलॉगात घुसायची! तितला आकडा उचलायची आन् फरक काडायची. ह्या बाईनं बी त्येच केलंय. सोताचं कोष्टक संपलंय, आन् शेजाऱ्याच्या घरात हात घातलाय!"

नानासो म्हणत होते ते शंभर टक्के खरं होतं! कोष्टक संपल्यावर प्रोग्रॅम मशीनच्या स्मृतीतली पुढची जागा वाचत होता, आणि तिथं काय पडलेलं असेल याचा काही भरवसा नव्हता. दुसरा कुणी असता तर आनंदानं नाचला असता. सर मात्र मनातल्या मनात रडकुंडीला आले. त्यांना चूक नको होती हो! त्यांना सहा गुण हवे होते!

"नाना, पण एवढीशी चूक. बाकीचं सगळं बरोबर. ग्रेसमध्ये बसत नाही का?"

"गिरेस? आरं, उद्या ह्या गणितावर कुणी धरनाची दारं उगडायची ठरिवली तर? तवा बी गिरेस देनार हायस?" नानासोंनी सरांचंच लाल पेन घेतलं, चौतीसवर काट मारली आणि शेजारी एक वाटोळं काढलं.

"शून्य?"

"उत्तरच चुकलं तर पायऱ्यांचं मार्क कुटनं आनू? शून्य. घे, सही करतो. मॉडरेटरचा निकाल श्येवटचा आस्तो, म्हाईत हाय न्हवं?"

माहीत होतं! तेच तर दुखणं होतं!

शुक्रवारी सकाळी सर कॉलेजात आले ते आजारी माणसासारखे. मयूरी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि न विचारताच मशीनवर प्रोग्रॅम चालवला. शेवटचा आकडा घातला. उत्तर बरोबर! पुन्हा घातला. पुन्हा बरोबर!

"संपलं," सर खुर्चीत कोसळले. "नानानं घात केला."

"थांबा सर. पुढची जागा रिकामी असेल म्हणून बरोबर येतंय. तिथं दुसरं काहीतरी ठेवून बघते." त्यांनी काहीतरी खटपट केली आणि पुन्हा चालवला. पडद्यावर आकडा उमटला: उणे सत्तेचाळीस हजार.

मयूरी मॅडमनी टाळी वाजवली. "सर, ही फार मोठी चूक आहे! कुणाला सापडलीच नसती!"

"पण गुण काय लिहायचे?" सरांचा चेहरा अजून पडलेलाच.

"गुण सोडा ना सर आता!"

"सोडून कसं चालेल? निकाल लागलाय." सरांनी मान ताठ केली. यादी जाणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. निदान नियमानं जाऊ दे. "लिहा. क्रमांक सात. चौतीसचे शून्य करण्यात येत आहेत. कारण शेवटचं घर. मॉडरेटर, श्री. नानासो निकम, सातारा. माझं नाव घालू नका, मॉडरेटरच्या निकालावर परीक्षकाचं नाव नसतं."

"सर, तुमचं नाव नाही घालायचं? नक्की?"

"नियम म्हणजे नियम!"

मेल गेली आणि हेल्सिंकी गप्प झाली. एक आठवडा गेला, दोन गेले. सर घरी जाताना गणपती पेठ टाळून लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. नोव्हेंबर असाच गेला. डिसेंबरच्या चार तारखेला मयूरी मॅडम वर्गाच्या दाराशी आल्या. हातात छापलेला कागद, चेहऱ्यावर हसू. "सर, नवी आवृत्ती निघाली! आणि बाईंचं पत्र आहे."

किर्स्तीबाईंनी लिहिलं होतं, 'हा प्रोग्रॅम चाचणीसाठी दिलेल्या तीन प्रयोगशाळांत वर्षभर अधूनमधून वेडीवाकडी उत्तरं येत होती. आम्ही सगळे कारण शोधून थकलो होतो. तुमच्या साताऱ्याच्या माणसानं ते कागदावर शोधलं! असा तपासनीस आम्हाला आजवर मिळाला नव्हता. सोबत यादी पाठवते आहे.'

सरांनी यादी बघितली. कोष्टकांचा विभाग. तपासनीस: नानासो निकम, सातारा. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात: यांच्याकडे ई-मेल नसल्यानं पत्रव्यवहार एम. कासेगावकर यांच्यामार्फत.

त्या रात्री जेवताना सरांनी यादी शरयूबाईंसमोर ठेवली. त्यांना वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायचं वय राहिलं नव्हतं. शरयूबाईंनी यादी दोनदा वाचली. "अहो, आलं की नाव!"

"मार्फत आलंय," सर म्हणाले.

"आलंय ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी सरांनी स्टेशनरीवाल्याला 'नाव आलं' एवढंच सांगितलं आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पाठ फिरवली. रविवारी ते नव्या चौदा सुधारणा घेऊन साताऱ्याला गेले. बाईंनी त्या 'कृपया श्री. निकम यांच्याकडे पोचवाव्यात' म्हणून पाठवल्या होत्या. नानासोंना जागतिक कीर्तीचं फारसं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "ते समदं ऱ्हाऊ दे रं. ह्या भोकाच्या कागदावर मला वाचाय येत न्हाई, अक्षार लय बारीक हाय. वहीत मोट्या अक्षरात उतरून आन."

सरांनी मुकाट्यानं दोनशे पानी वही आणली आणि दोन रविवार घालून चौदाही प्रोग्रॅम मोठ्या, वळणदार अक्षरात उतरवून काढले. नानासोंनी त्यात चार चुका काढल्या. सरांनी त्या अभिमानानं हेल्सिंकीला कळवल्या, आणि या खेपेला खाली स्वतःचंही नाव घातलं!

आठ दिवसांनी किर्स्तीबाईंचं फार अदबीचं उत्तर आलं. 'पहिली चूक आमची, आभारी आहोत. बाकीच्या तीन आमच्याकडे कुठंच सापडत नाहीत.'

सरांनी दार लावून वही आणि छापील कागद शेजारी ठेवून ताडून बघितलं. त्या तीन चुका हेल्सिंकीच्या नव्हत्याच. सांगलीत उतरवून घेताना झाल्या होत्या.